चौथ्या चुलीवरची गळती
न्यिशी लांबघराचं एक प्रकरण

मराठीत 'त्यांची चूल वेगळी झाली' असं कुणी म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. भाऊ वेगळे झाले, भांडीकुंडी वाटली गेली, कदाचित मधे भिंतही उठली. आपल्याकडे घर मोडतं ते चुलीपाशी. अरुणाचलातल्या न्यिशी लोकांच्या लांबघरात हा हिशोब उलटा लागतो. तिथे चूल वेगळी असतेच, संसार मांडला त्या दिवसापासून असते, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. घर मोडलं म्हणायचं ते छप्पर वेगळं झालं तर.

खाली ज्या घराचं प्रकरण मांडलंय ते घर मी रचलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. एखाद्या खऱ्या कुटुंबाच्या वाटण्या चव्हाट्यावर आणायच्या नव्हत्या. न्यिशी घरांबद्दल जे नोंदलं गेलंय त्यातून एक घर उभं केलं, त्यात माणसं बसवली. माणसं कल्पित आहेत. घर कसं चालतं ते, सरकारी नियम, वर्षं आणि आकडे मात्र खरे.

इटानगरहून झिरोकडे जाताना वाटेत याझाली लागतं. तिथे पान्योर नदीवर धरण आहे. हीच नदी आसामात उतरल्यावर रंगानदी होते आणि तिच्या नावाचा ४०५ मेगावॉटचा प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीपासून वीज देतोय. हा भाग २०२४ मध्ये लोअर सुबनसिरीतून फुटून केयी पान्योर नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. आपलं घर या रस्त्यापासून दोन तासांच्या चढावर आहे असं धरू.

न्यिशी ही अरुणाचलातली सर्वांत मोठी जमात, साधारण तीन लाखांच्या घरातली. पापुम पारेपासून कुरुंग कुमे आणि पूर्व कामेंगपर्यंत त्यांची वस्ती पसरलीय, राजधानी इटानगर त्यांच्याच मुलखात उभी आहे. जुन्या कागदांत त्यांना 'डफला' म्हटलेलं सापडतं. ते बाहेरच्यांनी चिकटवलेलं आणि त्यांना अपमानाचं वाटणारं नाव; २००८ मध्ये संसदेने कायदा करून अनुसूचित जमातींच्या यादीतून ते काढलं आणि 'न्यिशी' घातलं. न्यि म्हणजे माणूस. घराला त्यांच्या भाषेत 'नाम' म्हणतात. वारकऱ्याच्या कानाला शब्द ओळखीचा, अर्थ मात्र भिंती-छपराचा.

घर

लांबी शंभरेक फूट, रुंदी वीस. उतारावर खांब रोवून त्यांवर उचललेलं. चढाकडच्या टोकाला जमिनीपासून गुडघाभर वर, उताराकडच्या टोकाला दोन पुरुष. खाली डुकरं. बांबू चेचून, उलगडून पसरला की जी चटईसारखी सपाटी होते तीच घराची जमीन. नवख्या माणसाला तिच्यावर पहिलं पाऊल टाकताना धास्ती वाटावी, कारण ती पायाखाली दबते आणि किरकिरते. रात्री कुणी उठलं तर शंभर फुटांवरच्या माणसालाही कळतं कोण उठलं आणि कुठे चाललं. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, आपल्या कोकणातल्या कुडासारख्या, पण माती न लिंपलेल्या. छप्पर गवताचं किंवा टोको नावाच्या ताडजातीच्या झाडाच्या पानांचं. सगळं वेताने बांधलेलं, खिळा एकही नाही. दोन्ही टोकांना पडव्या. पुढच्या पडवीत उखळ-मुसळ, आणि आत भिंतीवर कापलेल्या मिथुनांच्या कवट्या. मिथुन म्हणजे डोंगरातलं ते गव्याच्या जवळचं, अर्धवट माणसाळलेलं जनावर. दूध काढायला नाही, नांगराला नाही. मुलीचं देज द्यायला, भांडण मिटवायला, बळी द्यायला. कवट्यांची रांग म्हणजे त्या घराचं पासबुक.

आत भिंत नाही. एक सलग, अंधारी, धुरकट जागा आणि मधोमध एका ओळीत सहा चुली.

मुंबईकर वाचकाला चाळ आठवेल, आणि ते अगदीच चूक नाही. एक छप्पर, एक गॅलरी, ओळीने बिऱ्हाडं. फरक एवढाच की चाळीत दार लोटता येतं.

चूल म्हणजे तीन दगड किंवा लोखंडी तिवई, मातीच्या थरावर, म्हणजे बांबूची जमीन पेटत नाही. चुलीच्या बाजूंना कोण कुठे बसेल हे ठरलेलं. पाहुण्याची बाजू वेगळी, घरधन्याची वेगळी. वर बांबूच्या टांगत्या फळ्या, एकीखाली एक. खालच्या फळीवर कांडायच्या आधी वाळवायचं भात, मासे, मांसाच्या पट्ट्या. वरच्यांवर बियाणं, टोपल्या, वर्षभर लागेल ते ते. सगळ्यांत खालच्या फळीची चुलीकडची बाजू काजळीने इतकी काळीभोर आणि गुळगुळीत झालेली असते की डांबर फासलंय असं वाटावं. चिमणी नाही, धुराडं नाही. धूर फळ्यांमधून वर चढतो, गवतात मुरतो आणि छपरातून हळूहळू बाहेर झिरपतो. डोळ्यांची आणि छातीची वाट लागते हे खरंच, आणि ती सर्वांत जास्त बायकांची लागते. पण त्याच धुराने गवत कोरडं राहतं, भुंगा बांबू पोखरत नाही. खालची चूल पेटती असेपर्यंत वरचं छप्पर जगतं. या प्रकरणाचं बीज नेमकं इथे आहे.

सहा चुली कुणाच्या

पहिली चूल घरच्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या थोरल्या बायकोची. दुसरी त्याच्या धाकट्या बायकोची. न्यिशींमध्ये अनेक बायका करण्याची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही, त्यामुळे कायद्याची अडकाठी नाही. शिक्षण, चर्च आणि खुद्द न्यिशी बायकांचा विरोध यांनी ती रीत ओसरत चाललीय. लांबघरात सवतींची सोय चुलीने लावलेली असते. प्रत्येकीची चूल स्वतंत्र, कसायचा तुकडा स्वतंत्र, धान्याचं कोठार स्वतंत्र. ही कोठारं घरापासून दूर बांधतात, कारण गवताच्या घराला आग लागली तर घर जाईल पण वर्षाचं धान्य वाचेल. एका सवतीच्या कोठारातलं भात दुसरीच्या चुलीवर चढवायचं तर मागून घ्यावं लागतं.

तिसरी चूल थोरल्या मुलाची, चौथी मधल्याची. पाचवी म्हाताऱ्याच्या मेलेल्या भावाच्या बायकोची, तिच्यापाशी दोन मुली. सहावी, उताराकडच्या शेवटच्या टोकाची, अशा माणसाची ज्याचं कूळ काढू नये असा घरात संकेत आहे. त्याचा पणजा केव्हातरी धाडीत पकडून आणलेला होता. जुन्या न्यिशी घरांत असे आश्रित असत. त्यांची खरेदी-विक्रीही होई. पण जो टिकला, राबला, त्याला घरधनी कधीतरी बायको करून देई आणि मग त्याला छपराखाली स्वतःची चूल मिळे. दोन-तीन पिढ्यांत तो घरचाच होऊन जाई. निदान बोलण्यात.

म्हणजे चूल पोट भरते, छप्पर ओळख देतं. रोजचा भात, शेत, बी-बियाणं हे सगळं चुलीच्या पातळीवर. देज देणं, मोठा बळी देणं, कुणी अंगावर आलं तर उभं राहणं, पाहुणा सांभाळणं हे छपराच्या पातळीवर. मराठीतलं 'खटल्याचं घर' याच्या जवळ जातं, पण तिथे स्वयंपाक एकाच चुलीवर आणि चाव्या एकाच कमरेला. न्यिशी घरातल्या बाईला जेवढी मुभा स्वतःच्या कोठाराची असे, तेवढी आपल्याकडच्या खटल्यातल्या धाकट्या जावेला कधी असेल असं मला वाटत नाही.

गळती

मधला मुलगा इटानगरशेजारच्या नाहरलगुनला गाडी चालवायची नोकरी करतो. बायको-मुलं त्याच्याबरोबर. दर फेब्रुवारीत न्योकुम युल्लोला, न्यिशींच्या मोठ्या सणाला, चार दिवस येतो तेव्हाच चौथी चूल पेटते. बाकी वर्षभर थंड.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसात छप्पर गळायला लागलं आणि बरोबर चौथ्या चुलीवर गळायला लागलं. गवत कुजलं होतं, वाशांत भुंगा शिरला होता, खालच्या फळीवर बुरशीची पांढरी साय धरली होती. तिसऱ्या आणि पाचव्या चुलीवरचं त्याच वयाचं गवत काळं, कडक, अजून चांगलं.

खालचा माणूस गेल्याचं छपराने असं सांगितलं. मग पाणी तट्ट्यांवरून ओघळत पाचव्या चुलीकडे, म्हणजे विधवेच्या बाजूला आलं, आणि गोष्ट तोंडावर आली: आता काय करायचं?

एवढ्याशा प्रश्नात काय अवघड आहे असं वाटेल. चार भारे गवत आणा, भोक बुजवा. पण लांबघराचं छप्पर असं तुकड्यातुकड्याने फार काळ चालत नाही. काही वर्षांनी ते सगळंच उतरवावं लागतं, खालचे खांबही कुजलेले असतात, आणि खरं म्हणजे घर पुन्हा बांधायची वेळ येते. कोरड्या दिवसांत बांबू, वेत, गवत तोडून ठेवायचं, मग ठरल्या दिवशी आसपासच्या घरांतली माणसं येतात आणि बघता बघता घर उभं राहतं. मजुरी नाही, घरधन्याने डुक्कर कापायचं, भाताची आणि नाचणीची अपोंग, म्हणजे घरी आंबवलेली दारू, भरपूर ठेवायची, आणि उद्या त्यांच्या घरी आपण जायचं. आपल्याकडची इर्जिक हुबेहूब. त्याआधी न्यिबू, म्हणजे पुजारी, कोंबडीच्या पिल्लाचं काळीज-यकृत बघून जागा लाभेल का ते सांगतो. आपण देवाला कौल लावतो तसंच.

म्हणून दर काही वर्षांनी सहाही चुलींना एक प्रश्न न विचारता विचारला जातो: पुढचं घर किती लांब बांधायचं? म्हणजे पुढच्या खेपेला कोण कोण आत? चिरेबंदी वाडा हे कधी विचारत नाही. वाड्यात माणसं एकमेकांशी बोलत नसली तरी शंभर वर्षं एकत्र राहतात, कारण भिंती पडत नाहीत. लांबघर कुजतं. कुजतं म्हणून त्यातल्या माणसांना एकत्र राहायचं पुन्हा ठरवावं लागतं. एकीची ताकद म्हणून लांबघराचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मला त्या घराची खरी करामत या कुजण्यात दिसते.

इतकं लांब का होतं

१९४४ मध्ये क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ब्रिटिश सरकारचा विशेष अधिकारी म्हणून सुबनसिरी भागात गेला. आपल्याला तो तसा परका नाही. त्याआधी तो निजामाच्या राज्यात, आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये काम करत होता, म्हणजे चंद्रपूर-यवतमाळच्या वेशीवर. झिरोच्या खोऱ्यात त्याला आपातानी जमातीची दाटीवाटीची, पाणथळ भातशेतीची, पंचांच्या शब्दाने चालणारी गावं दिसली. डोंगर चढून न्यिशींत गेल्यावर चित्र पालटलं. गाव म्हणजे नुसता पत्ता. चार-सहा लांबघरं एकमेकांपासून अंतर राखून उभी. गावचा राजा नाही, सक्तीने निकाल लावणारी पंचायत नाही. एका घराचं दुसऱ्या घराशी वैर असलं तर शेजारच्या तिसऱ्या घराने मधे पडलंच पाहिजे असं बंधन नाही. घर हेच राज्य.

अशा मुलखात घराची लांबी म्हणजे सुरक्षितता. धाड पडली, मिथुन पळवले, माणसं धरून नेली की सोडवायला गिंगडुंग नावाचे मध्यस्थ दोन्ही घरांत फेऱ्या मारायचे, खंडणी मिथुनांत ठरायची, शेवटी बळी देऊन दापो म्हणजे तह व्हायचा. या सगळ्याला माणूसबळ हवं आणि मिथुन हवेत. एकट्या चुलीच्या आवाक्यातलं काम नव्हे. साठ-सत्तर माणसं एका छपराखाली असल्याचं जुन्या वर्णनांत येतं ते उगाच नाही.

मग १९४५ च्या नियमनाने गावबुढ्यांना, म्हणजे सरकारमान्य गावप्रमुखांना, न्यायनिवाड्याचा अधिकार कागदावर आला, पन्नासच्या दशकात प्रशासन आणि आसाम रायफल्सची ठाणी डोंगरात पोचली, धाडी थांबल्या, माणसं पकडणं संपलं. हे चांगलं झालं, यात दुमत नको; सहाव्या चुलीवाल्याच्या पणज्याला कुणी विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. पण छपराचं एक मोठं काम त्या दिवशी संपलं. पुढे शाळा आल्या, वसतिगृहं आली. १९७७ पासून विवेकानंद केंद्राने अरुणाचलात निवासी शाळा उघडल्या. केंद्राचे संस्थापक एकनाथ रानडे विदर्भातले, आणि महाराष्ट्रातून कितीतरी शिक्षक-कार्यकर्ते तिकडे गेले. मराठी घरांत न्यिशी हा शब्द पोचला तो बराचसा त्यांच्या पत्रांतून आणि सुट्टीतल्या गप्पांतून. वसतिगृहात वाढलेल्या मुलाला मात्र किरकिरणाऱ्या जमिनीवर झोप लागेनाशी होते, हे त्या गप्पांत कमी यायचं.

कागदावरचं घर

गळती सुरू झाली त्याच सुमारास घरकुल योजनेची यादी आली. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासूनची. डोंगराळ राज्यांत एका घरामागे १.३० लाख रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचं, त्यातच स्वयंपाकाची जागा. पात्रता तेव्हा ठरायची ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून: ज्यांचं घरच नाही, किंवा शून्य, एक वा दोन खोल्यांचं कच्च्या भिंतींचं, कच्च्या छपराचं आहे, ते कुटुंब.

आता लांबघर या फूटपट्टीने मोजून बघा. भिंती बांबूच्या, म्हणजे कच्च्या. छप्पर गवताचं, कच्चं. आत भिंत एकही नाही, म्हणजे खोली एक. भिंतीवर तीसेक मिथुनांच्या कवट्या असलेलं, शंभर फुटांचं, पंचक्रोशीत दबदबा असलेलं घर कागदावर 'एका खोलीचं कच्चं घर' होतं. अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींच्या यादीत २०२४ पर्यंत दुचाकी होती, फ्रिज होता, लँडलाइन फोनसुद्धा होता. मिथुन नाही.

आणि कुटुंबं किती? भारताची जनगणना कुटुंब मोजते ते स्वयंपाकघरावरून: एका चुलीवरचं जेवणारी, एरवी एकत्र राहणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ही व्याख्या मैदानी मुलखात चपखल बसते, कारण आपल्याकडे चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. डोंगरावरच्या या घरात ती लावली की एका छपराखाली सहा कुटुंबं निघतात. मोजणाऱ्याने काही चूक केली नाही. त्याने चुली मोजल्या. छपरासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

सहा चुलींना सहा घरकुलं मिळाली तर बेरीज १५० चौरस मीटर; लांबघर त्याहून मोठं, साधारण १८५. शिवाय सहा घरकुलांच्या चोवीस भिंती होतात. अर्थात सहाही जणांची नावं यादीत नव्हती. तीनच होती: थोरला मुलगा, मधला मुलगा आणि विधवा.

कोण काय म्हणालं

बैठक पहिल्या चुलीपाशी बसली. गावबुढा आला होता, लाल कोट घालून. सरकारने गावबुढ्यांना दिलेला हा कोट अरुणाचलात अजून मानाचा आहे. निकाल द्यायला नव्हे, ऐकायला.

म्हाताऱ्याचं म्हणणं सरळ होतं. होतं तेवढंच बांधायचं, सहा चुलींचं. कमी बांधलं तर लोक म्हणतील, या घराची माणसं संपली.

थोरल्याला पत्रे हवे होते. गवत तोडायला आता तास-दीड तास लांब जावं लागतं, तोडायला पूर्वीसारखी माणसं येत नाहीत, जी येतात त्यातली निम्मी रोजावर कामाला जायचं म्हणून दुपारी निघून जातात. पत्रा एकदा टाकला की वीस वर्षं बघायला नको. त्याचं चुकीचं नव्हतं. मात्र पत्र्याला धूर पाजता येत नाही. धूर खालीच कोंडतो, पावसाळ्यात आतून घाम धरतो आणि चुलीत टपकतो, आणि पावसाच्या आवाजात सहाव्या चुलीवरचं बोलणं पाचवीवर ऐकू येत नाही. थोरल्याची आई म्हणाली, "मग बरंच आहे की." हशा पिकला.

मधला नाहरलगुनहून फोनवर होता. त्याला घरकुल हवं होतं, पण इथे नको, रस्त्यालगत. तिथे पुढेमागे दुकान काढता येईल. चौथी चूल काढून टाका, माझी हरकत नाही, असं तो म्हणाला. ते ऐकून पहिल्या चुलीपाशी थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. चूल काढून टाक हे वाक्य त्या घरात आजवर कुणी स्वतःच्या चुलीबद्दल उच्चारलं नव्हतं.

सर्वांत स्पष्ट बोलली ती पाचव्या चुलीची विधवा, आणि लांबघराच्या प्रेमात पडलेल्या बाहेरच्यांनी तिचं म्हणणं नीट ऐकावं असं मला वाटतं. न्यिशींत वारसा बापाकडून मुलाकडे जातो. तिला दोन मुलीच. नवरा गेल्यावर रिवाजाप्रमाणे ती सासरच्याच घरात राहिली. तिची चूल दिराच्या छपराखाली, तिचं शेत दिराच्या कुळाचं. घरकुलाच्या नियमात मात्र घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर द्यायचं असं आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी छपरावर तिचं नाव लागणार होतं. "गळतंय ते माझ्या अंगावर गळतंय," ती म्हणाली. "मला माझं घर बांधू द्या. मी कुठे दरीत जात नाही, इथेच असेन."

सहाव्या चुलीवाला शेवटपर्यंत गप्प होता. विचारल्यावर एवढंच म्हणाला की म्हातारबाबा म्हणतात तसं, सगळं बांधू. यादीत नाव नव्हतं म्हणून तो असं बोलला, असं थोरल्याला वाटलं. मला तसं वाटत नाही. छपराखाली तो 'या घरचा' होता. सहा वेगळी घरं झाली की पाच घरं एका कुळाची आणि एक त्याचं, आणि मग ते कोणत्या कुळाचं हा प्रश्न कुणीतरी केव्हातरी काढणारच. गंमत बघा, ज्याच्या पणज्याला बांधून आणलं होतं त्यालाच ते छप्पर सर्वांत जास्त हवं होतं.

गावबुढ्याने निकाल दिला नाहीच. त्याने फक्त विचारलं की बांबू किती तोडायचा. किती ते सांगायचं म्हणजे घराची लांबी सांगायची. त्यामुळे त्या रात्री लांबी ठरली.

जे झालं ते

घर पाच चुलींचं बांधलं गेलं. विधवेची चूल त्यात नव्हती. सहावी चूल वर सरकून पाचवीच्या जागी आली. शेवटच्या टोकाचीच राहिली, पण आता पुढच्या दारापासून अठरा फूट जवळ. छप्पर गवताचंच, फक्त दोन्ही पडव्यांवर पत्रे टाकले. ही तडजोड थोरल्याची समजूत पटावी म्हणून झाली, आणि खरं सांगायचं तर पडवीला पत्रा बराच बरा पडतो, तिथे चूल नसते. बांधायला अपेक्षेपेक्षा कमी माणसं आली. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं, डुकरं दोनाऐवजी तीन लागली.

थोरल्याने आपलं घरकुल याच आवारात बांधलं, त्यात सोलरची बॅटरी, मुलांची पुस्तकं आणि तांदळाची पोती ठेवली, आणि राहिला लांबघरातच. असं राहणं योजनेत बसतं का हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. मधल्याचं घर रस्त्यालगत उभं राहिलं. छताच्या कडेला वर बघणाऱ्या सळ्या ठेवल्यात, पुढच्या मजल्यासाठी.

विधवेचं घरकुल लांबघरापासून पन्नास पावलांवर. पांढरा रंग, निळं दार, दारावर योजनेचं नाव आणि खाली तिचं. आत गॅसची शेगडी. सहा महिन्यांच्या आत तिने मागच्या बाजूला चार खांब रोवून बांबूची एक छोटी खोली उचलली: चेचलेल्या बांबूची जमीन, मधोमध तीन दगड, वर दोन टांगत्या फळ्या. इटानगर-नाहरलगुनमध्येही हे दिसतं. पुढे सिमेंटचं दुमजली घर आणि मागे बांबूचं स्वयंपाकघर, पाहुणे पुढच्या सोफ्यावर न बसता मागच्या चुलीभोवती जमलेले. मुली गॅसवर चहा करतात. भात आणि मांस मागे.

मिथुन कुणाचे किती हा हिशोब अजून झालेला नाही. मधल्याच्या मेव्हण्याचं लग्न ठरलं तेव्हा देवाणघेवाणीतला एक मिथुन म्हाताऱ्याच्या कळपातून गेला, म्हणजे छपराच्या खात्यातून. विधवेच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरेल तेव्हा येणारं देज कुणाच्या दारात येईल, पांढऱ्या घराच्या की लांबघराच्या, यावर दोन्ही घरांत दोन मतं आहेत आणि दोघांनी ती अजून एकमेकांसमोर बोलून दाखवलेली नाहीत. म्हातारा असेपर्यंत बोलतील असं वाटत नाही.

राहिली चौथी चूल. ती काढली नाही. नव्या घरात तिच्यासाठी जागा सोडली, माती घातली, जुने तीन दगड आणून मांडले. मधला मुलगा आता न्योकुमलाही एकच दिवस येतो आणि रस्त्यालगतच्या घरात उतरतो. तरी दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी थोरली म्हातारी पहिल्या चुलीतला एक जळता ओंडका चिमट्यात धरून चौथीपाशी नेते, वर ओली लाकडं रचते, फुंकते आणि डोळे पुसत बाजूला बसते. चुलीवर भांडं नसतं, फळीवर मांस नसतं. धूर वर जातो, नव्या पिवळ्या गवतात शिरतो. पहिल्या पावसाळ्यात चौथ्या चुलीवर पाण्याचा थेंब आला नाही.